तारखेचा चौकोन

वडशात स्टेशनाच्या रस्त्याला
नाटक कंपन्यांच्या पाट्या एकीवर एक.
तिसऱ्या पाटीमागे, जिन्याखाली, माझं टेबल.
दिवाळी सरली की गावं येतात तारीख मागायला.
मालक केवळराम दोनाडकर
चाळीस वर्षं लाल वहीत तारखा मांडत आले.
यंदा म्हणाले, पोरी, मोबाईलवर कर काहीतरी,
वही एक न् फोन बारा.

मी केला तारीखपट.
एका दिवसाला एक चौकोन, एक विजेट.
बोट टेकलं की तेवढाच चौकोन सर्व्हरला विचारतो:
मोकळा का?
बाकी पान जागचं हलत नाही.
मालकांपुढे फ्रेमवर्क, अजॅक्स असलं काही काढलं नाही.
म्हटलं, एक कवेलू फुटलं
तर अख्खं छप्पर उतरवता का?
ते वर बघत म्हणाले, नाही जी.
एवढंच आहे ते.

नवं कवेलू बसेपर्यंत
त्या भोकातून आभाळ दिसणारच.
तिथे मी एक चकरी फिरती ठेवली.
लोक चकरीकडे बघतात
आणि पुन्हा पुन्हा बोट मारतात.

कुरुडच्या सुखदेव मिसारने
पटासाठी अठरा तारीख दाबली.
लगेच कोणीतरी मागून ओरडलं असेल,
त्याने एकोणीस दाबली.
दोन सवाल निघाले, जशा दानीवरून दोन जोड्या.
आधी सुटली ती आधी पोचेल
असं कोणत्या बैलाने लिहून दिलंय?
एकोणीसचा जवाब आला, हिरवा झाला.
अठराचा रेंज शोधत कुठे थांबला होता कोण जाणे,
तो मागून आला
आणि पुढच्याच्या जागेवर बसला.

अठराला आमचा ट्रक कुरुडात.
मंडप नाही, दिवा नाही.
पेट्या उतरल्या, पडद्यांची बंडलं उतरली,
आणि नायिका रंजनाबाई
अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याने ट्रंकेवर बसून
एका कुत्र्याला पोहे घालत होत्या.
मला फोन आला. मी काय बोलणार?
सुखदेवच्या घरून रात्री वांग्याची भाजी आली,
पन्नास माणसांची. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही,
त्याचंच जास्त लागलं.

डाकराम नाकाडे आमचा प्रॉम्प्टर.
दुसऱ्या दिवशी जिन्यावर सुपारी कातरत म्हणाला,
कोणी उशिरा आला न् म्हणाला माझं वाक्य दे,
तं मी आधी पान पाहातो.
चालू पानाचं असंल तं देतो.
मागल्या पानाचं असंल
तं गिळून टाकतो, बापा.

मी त्या रात्री तेवढंच लिहिलं.
निघणाऱ्या प्रत्येक सवालाला नंबर.
परतणाऱ्याला दारात विचारायचं,
तुझा नंबर चालू आहे का?
नसेल तर वाट धर.
आणि ज्याने विचारलं तो पान सोडून गेला असेल,
त्याचा चौकोनच उरला नसेल,
तर रिकाम्या जागेला हाक मारायची नाही.
नाहीतर पडतं सगळं, लाल अक्षरांत.

एकोणीसला मी नाटकाला गेले.
पहाटे तीनला, तिसऱ्या अंकात,
खलनायक दोन वाक्यं आधीच निघून गेला.
खड्ड्यात डाकरामच्या बॅटरीचा ठिपका
वहीवर थांबला, पान उलटलं.
मी पुढेच बसले होते, म्हणून दिसलं.
ती दोन वाक्यं त्याने कोणाला दिली नाहीत,
पण ओठ हलले.

आता मीही टाकून दिलेले जवाब
एका लॉगमध्ये ठेवते.
बावीस तारीख, विसोरा, मोकळी.
तीन तारीख, मोकळी.
कोणी न उघडलेली ही यादी
रात्री कधी कधी वाचते,
मोठ्याने नाही.

मालक मात्र संध्याकाळी जिन्याखाली येतात,
पडदा बघतात,
आणि लाल वहीत उतरवून घेतात.
पेन्सिलीने.